आंघोळीचा स्पंज प्राणी कसा?

प्रश्न : मुलीने परदेशातून येताना ‘अस्सल समुद्री स्पंज’ आणला. तो प्राणी असतो, असं ती म्हणते. हे खरं का? तोंड, डोळे, पाय काहीच नाही, मग प्राणी कसला? आमचं घर शाकाहारी आहे. तो वापरावा की नाही?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलीचं बरोबर आहे. स्पंज हा प्राणीच. फक्त तुमच्या न्हाणीघरात आहे तो त्याचा सांगाडा, तोही पुष्कळ धुऊन-वाळवून झालेला. समुद्रातून काढलेला ताजा स्पंज बघितला असता तर कुणी अंगाला लावायचं धाडस केलं नसतं. तो काळपट, बुळबुळीत गोळा असतो आणि त्याला भयंकर वास येतो. भूमध्य समुद्रातले पाणबुडे हे गोळे होडीच्या फळ्यांवर टाकून अनवाणी पायांनी तुडवतात. दुधासारखा पांढरट द्रव निघून जातो, मांसल भाग सडून सुटतो, मग समुद्राच्या पाण्यात पुनःपुन्हा धुऊन ते दोरीवर ओवून वाळवतात. उरतं ते स्पंजिन नावाच्या प्रथिनाचं मऊ जाळं. सगळ्याच स्पंजांचं असं होत नाही. आज माहीत असलेल्या नऊ हजारांवर जातींपैकी बहुतेकांच्या अंगात सिलिका किंवा चुन्याच्या सूक्ष्म सुया असतात. त्यांनी अंग घासलं तर सालटी निघतील. आंघोळीच्या कामाच्या जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

तोंड नाही हे खरं. पोट, हृदय, मज्जातंतूही नाहीत. अंगभर बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाणी आत शिरतं. आतल्या कोठड्यांच्या भिंतींवर चाबकासारखं शेपूट असलेल्या पेशी असतात. लक्षावधी शेपट्या सतत हलत राहिल्या की पाणी ओढलं जातं. त्यातले जीवाणू आणि अन्नकण पेशी टिपून घेतात आणि गाळलेलं पाणी वरच्या मोठ्या छिद्राने बाहेर पडतं. जेमतेम दहा सेंटिमीटर उंचीचा एक स्पंज दिवसाला बावीस लिटरच्या आसपास पाणी गाळतो. आपण खाण्यासाठी हिंडतो, हा एका जागी बसून समुद्रच स्वतःमधून फिरवतो.

हे बाहेरून दिसत नाही, म्हणून स्पंज वनस्पती की प्राणी, हा वाद शतकानुशतकं चालला. १८२५च्या सुमारास एडिनबरा इथल्या रॉबर्ट ग्रँट यांनी जिवंत स्पंजाचा तुकडा समुद्राच्या पाण्यासह काचेच्या वाटीत ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. छिद्रातून पाण्याची धार सुटत होती आणि तिच्यासोबत कण बाहेर फेकले जात होते. वनस्पती असं करत नाही. पुढे या गटाला ‘पोरिफेरा’ हे नावही त्यांनीच दिलं.

मला मात्र १९०७चा प्रयोग जास्त आवडतो. अमेरिकेतल्या एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज पीठ चाळायच्या तलम रेशमी कापडातून पिळून काढला. खाली भांड्यात सुट्या पेशींचा गढूळ थर जमला. थोड्याच वेळात त्या पेशी सरपटत एकमेकींना बिलगू लागल्या, त्यांचे पुंजके झाले आणि काही दिवसांत त्यांतून पुन्हा चालतेबोलते (बोलते नव्हे, पाणी गाळते) स्पंज तयार झाले. असं बहुतेक प्राण्यांचं करून बघता येणार नाही!

या संशोधनात मुंबईचाही वाटा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले डॉक्टर हेन्री जॉन कार्टर यांनी १८४०च्या दशकात मुंबईच्या तळ्यांतले गोड्या पाण्याचे स्पंज तपासले आणि त्यांवर निबंध लिहिले. तळं आटलं की असा स्पंज मरतो, पण जाताना कडक कवचाच्या, मिलिमीटरहूनही लहान गोळ्या मागे ठेवतो. पाऊस पडला की त्यांतून पेशी बाहेर येऊन नवा स्पंज आकार धरतो. इथल्या एका जातीला कार्टर यांचंच नाव आहे.

आता शाकाहाराचं. ज्या घरात सोवळ्याला रेशीम आणि देवघरात शंख चालतो, तिथे स्पंजाने बाट लागायचं कारण मला दिसत नाही. तरीही मन घेत नसेल, तर वाळलेल्या घोसाळ्याची जाळी आहेच. ती संपूर्ण वनस्पतीची आणि परसातच मिळणारी.

माझी खरी अडचण वेगळी आहे, स्पंज काढणाऱ्यांच्या जिवाची. ग्रीसच्या कालिम्नोस बेटावर पिढ्यान्‌पिढ्या याच धंद्यावर घरं चालली. पूर्वी पाणबुडा पंधरा किलोचा सपाट दगड हातात धरून, एका श्वासावर तळाशी जायचा. १८६०च्या दशकात हवेच्या नळीचा पोशाख आला. त्यामुळे खोल जाता येऊ लागलं आणि तासन्‌तास राहताही येऊ लागलं. झटकन वर आल्यावर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, हे तेव्हा होडीवर कुणाला ठाऊक नव्हतं. शेकडो तरुण मेले, त्याहून जास्त लुळे झाले. त्या बेटावर आजही ‘मिहानिकोस’ नावाचं नृत्य होतं. त्यात पुढचा नाचणारा काठी टेकतो, त्याचे पाय लटपटतात, तो पडता पडता सावरतो. लग्नातसुद्धा ते नाचतात. जवळच्याच सिमी बेटाच्या पाणबुड्यांना १९०० साली स्पंज शोधताना अँटिकिथेराजवळ बुडालेलं प्राचीन जहाज सापडलं आणि त्यातून ग्रह-ताऱ्यांच्या गणिताचं ते प्रसिद्ध दातेरी चाकांचं यंत्र बाहेर आलं. तेव्हाही एक पाणबुडा जिवाला मुकला. तुमचा स्पंज आणलेलाच आहे, तर जरूर वापरा. उकळू मात्र नका, तो आक्रसतो.

प्रश्न : समुद्री स्पंजापासून कॅन्सरचं औषध करतात म्हणे. ही अफवा की तथ्य?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तथ्य, पण थोडं वळण घेऊन. स्पंजाला पळता येत नाही, चावता येत नाही, म्हणून शत्रूंपासून आणि जंतूंपासून बचावाला त्याच्याकडे रसायनं असतात. त्यांतली काही त्याच्या अंगात राहणारे जीवाणू बनवतात. रसायनशास्त्रज्ञ वर्नर बर्गमन यांना फ्लोरिडाच्या एका स्पंजात डीएनएच्या घटकांसारखे, पण वेगळी साखर असलेले रेणू सापडले. त्या धर्तीवर सायटाराबिन हे औषध प्रयोगशाळेत घडवलं गेलं. वाढणारी पेशी त्याला डीएनएची वीट समजून बसवते आणि पुढची साखळी अडते. १९६९पासून रक्ताच्या कर्करोगावर ते वापरलं जातं.

दुसरं उदाहरण जपानचं. तिथल्या एका स्पंजातून १९८०च्या दशकात हॅलिकॉन्ड्रिन-बी मिळालं, पण ६०० किलो स्पंजातून अवघे १२.५ मिलिग्रॅम. एवढ्या हिशोबाने समुद्र रिकामा झाला असता. हार्वर्डचे योशितो किशी यांनी १९९२मध्ये तो रेणू प्रयोगशाळेत जोडला. संशोधकांच्या लक्षात आलं, की त्याचा अर्धाच भाग कामाचा आहे. त्या अर्ध्या भागातून एरिब्युलिन हे औषध घडलं आणि स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी २०१०मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. रेणू जोडायला साठाहून अधिक रासायनिक पायऱ्या लागतात. स्पंज लागत नाही.