नोकरी सांभाळून व्यवस्थापनाची पदवी

सेवेत दहा-बारा वर्षे काढल्यानंतर हाताखालची माणसे वाढतात, अंदाजपत्रक, खरेदी, साठा नोंदवही यांचा भार येतो. परंतु या कामाचे शास्त्रशुद्ध शिक्षण बहुधा कोणी दिलेले नसते. अशा वेळी व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. नोकरी सोडणे तर शक्य नसते.

महाविद्यालय शोधण्यापूर्वी आपल्या संवर्गाचे सेवाप्रवेश नियम वाचणे इष्ट. पदोन्नतीसाठी ही अर्हता तेथे मागितलेली नसेल, तर केवळ प्रमाणपत्राने ज्येष्ठता यादीतील क्रमांक बदलत नाही. ज्या मुख्याध्यापकास शाळेचा कारभार सुधारावयाचा आहे, त्याला शालेय व्यवस्थापनाची पदविका अधिक उपयोगी पडेल. सहकारी संस्थेत काम करणाऱ्याने पुण्याच्या वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्थेचे प्रशिक्षणवर्ग आधी पाहावेत. खासगी क्षेत्रात जाण्याचा मानस असल्यास मात्र हिशेब निराळा.

पदवी घ्यावयाची असे ठरल्यावर मार्ग दोन. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेसारख्या ठिकाणी नोकरदारांसाठी तीन वर्षांचे अंशकालीन अभ्यासक्रम दीर्घकाळ चालत आले आहेत. पण ते शहरात राहणाऱ्यांच्या सोयीचे. गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातील कर्मचाऱ्यास मुक्त विद्यापीठाचाच आधार. 1985 मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि 1989 मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, ते अशा विद्यार्थ्यांना समोर ठेवूनच.

घरबसल्या शिक्षण म्हणजे सोपे शिक्षण, हा समज मात्र महागात पडतो. मुक्त शिक्षणात एका श्रेयांकामागे 30 तासांचा अभ्यास धरला जातो. चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे 120 तास. एका सत्रात चार विषय घेतले तर 480 तास होतात. 26 आठवड्यांत विभागल्यास आठवड्याला साडेअठरा तासांच्या आसपास. रोज संध्याकाळी दोन तास असे पाच दिवस बसूनही शनिवार-रविवारसाठी साडेआठ तास उरतात. घरातील आजारपण, लग्नकार्य, निवडणुकीचे काम यांचा यात हिशेबच नाही. त्यातच इंदिरा गांधी विद्यापीठाच्या सत्रान्त परीक्षा जून व डिसेंबरमध्ये असतात आणि तत्पूर्वी स्वाध्याय सादर करावे लागतात. म्हणजे जूनची तयारी नेमकी मार्चअखेरच्या घाईत सापडते. त्या विद्यापीठाचा हा अभ्यासक्रम कमीत कमी दोन वर्षांत पुरा करता येतो, पण चार वर्षांपर्यंत मुभा आहे. नोकरदाराने ही मुभा मोकळेपणाने वापरावी. त्यात कमीपणा कसला? घरच्या मंडळींशी हे वेळापत्रक आधीच बोलून ठेवलेले बरे, कारण या तासांची खरी किंमत तीच मोजतात.

पैसे भरण्यापूर्वीची एक खातरजमा कधीही टाळू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची व अभ्यासक्रमांची यादी असते. तीत संस्थेचे नाव असणे पुरेसे नाही. तो अभ्यासक्रम आणि प्रवेशाचे ते वर्षही तीत असले पाहिजे. दुसऱ्याच्या नावावर 'अधिकृत केंद्र' चालविण्याच्या व्यवस्थेस आयोगाचे नियम परवानगी देत नाहीत. 3 नोव्हेंबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांपैकी काही निलंबित, तर काही रद्द ठरविल्या. त्या पदव्यांच्या बळावर बढती मिळालेल्या नोकरदारांनाही त्याची झळ पोचली. याउलट, मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे.

शासकीय कर्मचाऱ्याने प्रवेश अर्जाआधी कार्यालयप्रमुखाची लेखी परवानगी घ्यावी. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे, पण ती हक्क म्हणून मागता येत नाही. परीक्षेच्या दिवसांकरिता अर्जित रजा शिल्लक ठेवणे हाच बहुतेकांचा व्यवहार्य उपाय. परवानगीच्या पत्राची एक प्रत स्वतःजवळ जपावी. पदवीची नोंद सेवापुस्तकात घेताना तेच पत्र प्रथम मागितले जाण्याची शक्यता असते.