रेषेवर थांबणारी गाडी

मुंबईहून आलेली लाँच मांडव्याच्या धक्क्याला लागताना तुम्ही पाहिली आहे काय? पाण्यावर ब्रेक लावता येत नाही. म्हणून धक्का दूर असतानाच सारंग वेग कमी करतो आणि शेवटी इंजिन उलटे फिरवून लाँच अलगद धक्क्याला टेकवितो. हे सारे त्याच्या नजरेच्या अंदाजाने चालते. याच रायगड जिल्ह्यात नेरळहून माथेरानचा डोंगर चढणारी छोटी आगगाडी १९०७ साली सुरू झाली. तिच्या डब्यांवरील कामगार इंजिनाची शिटी ऐकून हातब्रेक आवळीत असत. तेथे भिस्त माणसाच्या कानांवर होती.

पण जिच्यात माणूसच नाही, अशा गाडीला कोठे थांबावे हे कोण सांगणार?

अमेरिकेतील ‘सायन्स ऑलिंपियाड’ या शालेय स्पर्धेत हाच प्रश्न ‘स्क्रॅम्बलर’ नावाच्या खेळात मुलांपुढे ठेवला गेला. खाली पडणाऱ्या वजनाच्या ओढीने गाडी सुटते. तिच्या पुढच्या टोकाला खरे अंडे बसविलेले असते. भिंतीच्या शक्य तितके जवळ जाऊन तिने थांबावयाचे. अंडे मात्र फुटता कामा नये!

अशा गाडीसाठी एक साधी युक्ती आहे. आसाच्या जागी आटे पाडलेली सळई घ्यावी व चाके तिला पक्की बसवावी. सळईवर एक नट चढवून तो गाडीच्या पाटाला अडेल असा ठेवावा. आस फिरतो, पण नटाला फिरता येत नाही. म्हणून तो आट्यांवरून सरकू लागतो. पुढे आसावर घट्ट बसविलेल्या दुसऱ्या नटाला तो भिडला, की आस जखडतो आणि चाके थांबतात.

आता गणित पाहू. चाकाचा व्यास ७ सेंटिमीटर असेल, तर परीघ सुमारे २२ सेंटिमीटर होतो. ८ मीटर ८० सेंटिमीटर जाण्यास ४० फेरे लागतील. दोन आट्यांतील अंतर १ मिलिमीटर असेल, तर नट ४ सेंटिमीटर सरकेल. तेवढाच तो आधी मागे घ्यावयाचा. परंतु व्यास मोजताना १ मिलिमीटरची चूक झाली, तर ४० फेऱ्यांत गाडी १२ सेंटिमीटरांहून अधिक चुकेल! यासाठी चाकावर खूण करून, गाडी वजनासह जमिनीवर दहा फेरे चालवावी आणि अंतरास दहाने भागावे.

चाके जखडल्यावरही गाडी थोडी घसरते. किनाऱ्याच्या गावी फरशीवर बारीक वाळू असते, तेव्हा ती अधिकच घसरते. खाऱ्या हवेने आटे गंजतात. म्हणून चाके पुसावी, आट्यांना तेलाचा थेंब द्यावा.

समजा, एक गाडी एकदा नेमकी रेषेवर थांबली, पण पुढे कधी अलीकडे, कधी पलीकडे जाऊ लागली. दुसरी मात्र प्रत्येक वेळी रेषेच्या २२ सेंटिमीटर पुढे थांबते. यांतील चांगली कोणती? दुसरीच! तिचा एक फेरा कमी केला, की ती रेषेवर येईल. पहिलीचे यश योगायोगाचे आहे. एकदा साधले म्हणून हुरळून न जाता जो पुनःपुन्हा मोजतो, त्याच्याच हाती अचूकपणा लागतो.

स्वाध्याय
१. सारंग लाँच कशी थांबवितो?
२. सरकणारा नट आसाला कसा जखडतो?
३. गाडी रेषेच्या ११ सेंटिमीटर अलीकडे थांबत असल्यास नट किती फेरे फिरवाल? कोणत्या बाजूस?