लिंबाच्या रसातले दोन इलेक्ट्रॉन

२९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियातील कूत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेने शरणागती पत्करली. ही फौज म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणीही होत्या. जवळजवळ पाच महिन्यांच्या वेढ्यात ताजी भाजी आणि फळे मिळेनाशी झाली आणि हिंदी शिपायांमध्ये स्कर्व्ही पसरला. या रोगात हिरड्यांतून रक्त येते, सांधे दुखतात, भरलेल्या जखमासुद्धा पुन्हा उकलतात. कारण एकच : क जीवनसत्त्वाची कमतरता.

क जीवनसत्त्व म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल. त्याचा खास गुण म्हणजे इलेक्ट्रॉन देणे. त्याच्या रेणूने दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन सोडले की त्याचे डिहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल होते. हे त्याचे ऑक्सिडीकरण. आपल्या त्वचेला, हिरड्यांना आणि रक्तवाहिन्यांना बळकटी देणारे कोलॅजेन तयार करणाऱ्या विकरांत लोह असते. ते लोह फेरस स्थितीत राहिले तरच विकर काम करते. क जीवनसत्त्व इलेक्ट्रॉन देऊन ते त्या स्थितीत ठेवते. हा पुरवठा थांबला की कोलॅजेन कच्चे राहते आणि जखमा उकलतात.

माझे वडील सध्या चेन्नईला पोस्टिंगवर आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत तिथे मी एक सोपा प्रयोग केला. भाताच्या पातळ पेजेत बेटाडीनचे दोन थेंब टाकले. स्टार्च व आयोडिनमुळे पेज निळी-काळी झाली. मग लिंबाचा रस थेंबाथेंबाने घातला, तेव्हा रंग नाहीसा झाला. दोन दिवस उघड्या ताटात ठेवलेल्या रसात आटलेल्याइतके पाणी घालून तोच प्रयोग केला, तर जास्त थेंब लागले. मरीना किनाऱ्यावर तिखट-मीठ लावून मिळणारा आवळा मी मुद्दाम वापरला नाही. त्यातील टॅनिनही आयोडिनशी क्रिया करते, त्यामुळे थेंबांची मोजणी फसते.

रंग का गेला? आम्लधर्मी प्रमाणित स्थितीत आयोडिनचे क्षपण विभव सुमारे ०.५४ व्होल्ट आहे, तर डिहायड्रोॲस्कॉर्बिक आम्लाचे सुमारे ०.३९ व्होल्ट. ज्याचे विभव जास्त, तो इलेक्ट्रॉन ओढतो. म्हणून आयोडिनचे आयोडाइड झाले. आयोडाइड स्टार्चला रंग देत नाही.

पुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा : गेलेले इलेक्ट्रॉन परत मिळतात का? तमिळनाडूत कारैक्कुडीला केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्था आहे आणि चेन्नईत तरमणीला तिचे केंद्र आहे. अशा प्रयोगशाळांत इलेक्ट्रोडचे विभव वाढवत नेतात, मग पुन्हा कमी करतात आणि विद्युतधारेचा आलेख काढतात. साध्या कार्बन इलेक्ट्रोडवर क जीवनसत्त्वाचा जातानाचा उंचवटा दिसतो, परतीचा दिसत नाही. कारण डिहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल तयार होताच पाण्याशी संयोग पावते आणि त्या रूपात ते इलेक्ट्रोडकडून इलेक्ट्रॉन घेत नाही.

शरीर मात्र ही परतफेड करू शकते. पेशींमधील ग्लुटाथायोन त्याला इलेक्ट्रॉन परत देते. पण वेळ थोडा असतो. ३७ अंश सेल्सिअसला उदासीन द्रावणात डिहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल काही मिनिटांतच निम्मे उरते. त्याचे वलय उघडून डायकीटोग्युलोनिक आम्ल झाले, की परतीची वाट बंद.

म्हणून लिंबू जेवताना पिळावे, आधी पिळून ठेवू नये. रस तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये, कारण तांबे हे ऑक्सिडीकरण वेगाने घडवते. आणि जिथे लिंबूच नाही तिथे? कोरड्या मटकीत क जीवनसत्त्व जवळजवळ नसते, पण भिजवून मोड आणले की ते तयार होते. त्याला लागते फक्त पाणी आणि दोन दिवस. मेसमध्ये मोडाची मटकी कच्ची वाढली की आपण नाक मुरडतो. पण रसद तुटलेल्या ठाण्यावर हीच ओंजळभर मटकी जवानाला उभे ठेवू शकते.