विमानाचा पंखच बॅटरी होणार असेल, तर शाखा कोणती घ्यावी?

२०१५-१६ मध्ये 'सोलर इम्पल्स २' हे विमान इंधनाचा थेंबही न जाळता पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं. जाताना ते अहमदाबाद आणि वाराणसीलाही उतरलं होतं. त्याचं वजन सुमारे २,३०० किलो, आणि त्यातल्या नुसत्या बॅटऱ्या ६३३ किलोच्या! हे ओझं वाहण्यापेक्षा विमानाच्या अंगातच वीज साठवता आली तर? स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठाने २०२४ मध्ये तशी बॅटरी करून दाखवली. तिच्यातलं कार्बन फायबर भारही पेलतं आणि इलेक्ट्रोडचं कामही करतं. ताठरपणा अ‍ॅल्युमिनियमच्या तोडीचा. वीज मात्र किलोमागे ३० वॉट-अवर, म्हणजे नेहमीच्या लिथियम बॅटरीपेक्षा बरीच कमी. करण्यासारखं काम अजून भरपूर आहे.

"याची डिग्री कुठे मिळते?" असं पालक विचारतात. बी.टेक.ला भार पेलून वीजही साठवणाऱ्या कंपोझिटची वेगळी शाखा शोधत बसू नका. मटेरियल्स, पॉलिमर, इलेक्ट्रॉनिक्स, टेक्स्टाइल यांपैकी एकीत पाया पक्का करा. मुंबईच्या आयसीटीत पॉलिमर आहे, इचलकरंजीच्या डीकेटीईत टेक्स्टाइल.

विमानाच्या अंगात बॅटरीसारखंच सर्किटही बसवायचं, तर ते छापावं लागतं; पण प्रिंटिंगचं नाव काढलं की घरी नाकं मुरडली जातात. मला हे फार खटकतं. टी-शर्ट छापतात त्याच पद्धतीने, जाळीवर स्क्वीजी ओढून, प्लास्टिकच्या फिल्मवर चांदीच्या शाईचं सर्किट छापता येतं. पुढे खरी परीक्षा. भट्टीत उष्णता कमी पडली तर शाईतून वीज नीट वाहत नाही, जास्त झाली तर फिल्म वाकडी होते. ती फिल्म कार्बन फायबरच्या थरांत घालून रेझिन पक्कं केलं, की कंपोझिट तयार; मग त्याचा तुकडा वाकवायचा आणि मल्टिमीटर लावायचा. रोध वाढला, तर शाईला तडा गेला असं समजायचं. ज्या मुलीला हा तडा शोधण्यात तास गेल्याचं भान राहत नाही, तिला खुशाल इकडे पाठवा.

नोकरीचं स्पष्ट सांगते. थेट या विषयातलं काम सध्या मुख्यतः संशोधनातच आहे, त्यासाठी एम.टेक., पुढे पीएच.डी. करावी लागते. गेट देऊन एम.टेक.ला विद्यावेतन मिळतं, तरी घरच्यांनी काही वर्षं धीर धरायची तयारी ठेवावी. बी.टेक.वर थांबायचं झालं तरी बॅटरी, पवनचक्कीची पाती, सर्किट छपाई हे उद्योग आहेतच.

प्रवेशाच्या कॅप राउंडचा फॉर्म भरण्याआधी कॉलेजात जाऊन या. प्रयोगशाळेतल्या यंत्रांची यादी वाचण्यापेक्षा शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा, त्यांनी स्वतःच्या हाताने केलेला कंपोझिटचा एखादा तुकडा दाखवतील का.