एकच तारीख बदल

पुणे, रविवार

चि. मुक्ता हिस,


तुझ्या मालिकेची आठ भागांची रूपरेषा वाचली. ३० डिसेंबर १९७१ च्या रात्री कोवळमला आपल्या अंतराळ कार्यक्रमाचे जनक विक्रम साराभाई यांचं निधन होत नाही, पुढच्या दहा वर्षांत भारताचा माणूस चंद्रावर उतरतो आणि शेवटच्या भागात सगळं जग उभं राहून टाळ्या वाजवतं. कल्पना धिटाईची आहे आणि संवाद चटपटीत आहेत. तरी गोष्ट मला पटली नाही. का पटली नाही ते सविस्तर लिहितो, कारण ‘छान आहे’ एवढंच म्हणणारे तुला घरात पुष्कळ आहेत.

‘फॉर ऑल मॅनकाइंड’ पाहून तुला हे सुचलं असं तू लिहितेस, तेव्हा त्याच मालिकेपासून सुरुवात करू. जून १९६९. जगभरची माणसं टीव्हीसमोर बसली आहेत, चंद्रावर पाऊल पडतं आणि ते असतं अलेक्सी लिओनोव्ह या रशियन अंतराळवीराचं. आर्मस्ट्राँग महिनाभर मागे राहतो. हा बदल घडला कुठे? कर्ता रोनाल्ड मूर यानं मुलाखतींत सांगितलं आहे की, त्याच्या जगात सर्गेई कोरोलेव्ह १९६६ साली मरत नाही. खऱ्या जगात सोव्हिएत रॉकेटांचा हा मुख्य अभियंता १४ जानेवारी १९६६ ला मॉस्कोत शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेला. हयातभर त्याचं नावही देशानं गुप्त ठेवलं होतं.

आता बारकाईनं बघ. कोरोलेव्ह जगला असता तर रशिया खरंच पहिला पोचला असता का? मला शंका आहे. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींनी चंद्राची घोषणा मे १९६१ मध्ये केली. सोव्हिएत सरकारनं माणूस उतरवायचा निर्णय घेतला ऑगस्ट १९६४ मध्ये. इंधन कोणतं वापरायचं यावरून कोरोलेव्ह आणि इंजिनांचा सर्वांत मोठा जाणकार ग्लुश्को यांचं बिनसलं, आणि एन-१ या महाकाय रॉकेटची इंजिनं करण्याचं काम विमानांची इंजिनं करणाऱ्या कुझ्नेत्सोव्हकडे गेलं. पहिल्या टप्प्यात तब्बल ३० इंजिनं, आणि तो अख्खा टप्पा जमिनीवर एकत्र पेटवून पाहायची सोयच उभारली नाही. ही सगळी बीजं कोरोलेव्हच्या हयातीतच पेरली गेली होती. एन-१ चारदा उडवलं, चारही वेळा कोसळलं. ३ जुलै १९६९ ला तर ते तळावरच पडलं आणि तळ उद्ध्वस्त झाला. अमेरिकन उतरायला तेव्हा जेमतेम अडीच आठवडे उरले होते.

तरीही प्रेक्षक मूरचा बदल मान्य करतो. कारण तो बदल माणसाच्या स्वभावाच्या दिशेनं जातो. कोरोलेव्हनं स्टालिनच्या काळात कोलिमाची छावणी भोगली, तिथून परतून स्पुटनिक सोडला, गागारिनला अंतराळात पाठवलं. असा माणूस आणखी काही वर्षं जगला असता तर त्यानं चंद्राचाच ध्यास घेतला असता, याबद्दल कुणाच्याही मनात शंका येत नाही.

तुझी अडचण नेमकी इथे आहे. साराभाईंना तू आयुष्य दिलंस आणि लगेच त्यांच्याकडून त्यांच्या स्वभावाविरुद्धचं काम करून घेतलंस. चंद्र, ग्रह किंवा समानव उड्डाण यांत प्रगत देशांशी स्पर्धा करण्याची आपल्याला हौस नाही. माणसाच्या आणि समाजाच्या खऱ्या प्रश्नांसाठी मात्र प्रगत तंत्रज्ञान वापरण्यात आपण कुणापेक्षा मागे राहता कामा नये, असं ते उघडपणे सांगत. चंद्रावर माणूस पाठवा म्हणून कुणी त्यांच्याकडे गेलं असतं तर त्यांनी त्याला चहा पाजून खेड्यांतल्या शाळांचा नकाशा दाखवला असता. त्यांची भूमिका बदलायचीच असेल तर कशामुळे बदलली ते आधी दाखव. नाहीतर पडद्यावर साराभाईंचा चेहरा दिसेल आणि बोलशील तूच.

दुसरी गोष्ट टाळ्यांची. अमेरिकन लेखकांनी आपल्याच देशाला हरवून मालिका सुरू केली आणि त्या हरण्यातूनच पुढचं सगळं निघालं. खऱ्या जगात जिंकल्यावर काय झालं? नासाचा वाटा १९६६ साली अमेरिकेच्या केंद्रीय खर्चाच्या चार टक्क्यांहून अधिक होता, तो उतरतच गेला. चंद्रावर जाऊन आल्यावर वर्षभराच्या आतबाहेर अपोलोच्या तीन मोहिमा रद्द झाल्या. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ परतलं आणि त्यानंतर अर्धशतकात तिथे माणूस उतरला नाही. जानेवारी १९७३ मध्ये अणुशक्तीवर चालणाऱ्या ‘नर्व्हा’ इंजिनाचं कामही बंद पडलं. जिंकले म्हणून थांबले. मालिकेत हरले म्हणून थांबता आलं नाही: चंद्रावर तळ आला, दक्षिण ध्रुवाजवळचं बर्फ आलं, १९९५ मध्ये मंगळ आला. तुझ्या कथेत भारत जिंकतो आणि मालिका संपते. सातव्या भागानंतर कुणाला काही हवंच नसेल, तर आठवा भाग बघायचा कशाला?

तिसरं, एक बदल केला की त्याचे तरंग शेवटपर्यंत मोजायचे. याचा मूरच्या मालिकेतला सर्वांत हुशार नमुना चंद्रावर नाहीच. चंद्र हातचा गेल्यावर अमेरिकन संसदेत चौकशी लागते, तिच्यासाठी जॉन केनेडींचे धाकटे भाऊ टेड केनेडी जुलै १९६९ मधली चॅपाक्विडिकची सहल रद्द करतात, तिथला तो कुप्रसिद्ध मोटार अपघात होत नाही आणि ते १९७२ साली राष्ट्राध्यक्ष होतात. कडीला कडी जुळली आहे. याउलट पुढच्या पर्वाच्या सुरुवातीला बातम्यांच्या तुकड्यांत जॉन लेननही वाचलेला दिसतो. बघायला गंमत वाटते, पण चंद्राचा आणि त्याचा संबंध काय? ती नुसती सजावट आहे. तुझ्या रूपरेषेतही अशी सजावट फार आहे. आणीबाणी लागत नाही, मुंबईचा गिरणी संप होत नाही, सगळं आपोआप चांगलं होत जातं. प्रत्येक ठिकाणी समासात ‘का?’ असं लिही. उत्तर सुचलं नाही तर ओळ काढून टाक.

स्त्रियांचं कथानक मात्र मूरच्या मालिकेनं फार नीट पेललं आहे. रशियन स्त्री चंद्रावर उतरते, म्हणून निक्सनना अमेरिकन स्त्रिया पाठवाव्या लागतात. हे हवेतून आलेलं नाही. अंतराळवीरांसाठीच्या वैद्यकीय चाचण्या १९६०-६१ मध्ये डॉ. लव्हलेस यांच्या अल्बुकर्कच्या दवाखान्यात १३ स्त्री वैमानिकांनी खरोखरच पार केल्या होत्या. पण नासाला लढाऊ जेट विमानांचे चाचणी वैमानिक हवे होते आणि ते शिक्षण स्त्रियांना बंद होतं. जेरी कॉब आणि जेन हार्ट या दोघींनी जुलै १९६२ मध्ये संसदेच्या समितीपुढे दाद मागितली. उपयोग झाला नाही. अमेरिकेची पहिली स्त्री, सॅली राइड, अंतराळात गेली १९८३ साली. मालिकेतली मॉली कॉब ही त्या जेरी कॉबचीच सावली आहे. म्हणजे लेखकांनी माणसं नव्यानं घडवली नाहीत. जे दार बंद राहिलं ते उघडलं आणि बाहेर ताटकळलेल्यांना आत घेतलं. शोधायचं ते हे. तुझ्या काळातल्या भारतात कोण बाहेर ताटकळत होतं?

आणि दार उघडल्याची किंमतही त्यांनी लपवली नाही. प्रशिक्षणात एक स्त्री उमेदवार जीव गमावते. अलेइडा या मेक्सिकन मुलीचा बाप नासात साफसफाई करतो. त्याला देशाबाहेर काढतात आणि मुलगी एकटी पडते. चंद्रावर झेंडा रोवला जातो तेव्हाच खाली हे चालू असतं. तुझ्या आठ भागांत मला कुणाचंच नुकसान झालेलं दिसलं नाही.

जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा तू शाळेत असताना वाचली असशील. आता लेखक म्हणून वाच. त्यात विश्वासरावांना लागायची गोळी हुकते आणि मराठे पानिपत जिंकतात. एवढा मोठा विजय देऊनही नारळीकरांनी मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी शिल्लक ठेवली आहे! बदल एका गोळीएवढा, त्यामागचा विचार शास्त्रज्ञाचा, आणि नायक त्या जगात उपरा. हा संयम शिकण्यासारखा आहे.

तुझ्या साराभाईंना जगू दे. फक्त त्यांना चंद्रावर नेऊ नकोस. त्यांनी नासाशी ठरवलेला ‘साइट’ प्रयोग त्यांच्या मागे १९७५-७६ मध्ये पार पडला. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वर्षभरासाठी आपल्या बाजूला आणला होता, त्यावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत शेतीचे आणि शिक्षणाचे कार्यक्रम दिसले. मुदत संपली, उपग्रह परत गेला. समज, साराभाई हयात आहेत आणि तो उपग्रह आणखी काही वर्षं इथेच ठेवायचा सौदा करतात. पैसा त्यात जातो आणि स्वतःचं रॉकेट रखडतं. एसएलव्ही-३ ऑगस्ट १९७९ मध्ये पहिल्यांदा कोसळलं, जुलै १९८० मध्ये यशस्वी झालं. तुझ्या जगात त्या दुसऱ्या उड्डाणाला मंजुरीच मिळत नाही. इकडे गावात पडदा चालू आहे, तिकडे थुंब्याच्या रॉकेट केंद्रातले तरुण अभियंते राजीनामे लिहीत आहेत, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. यातून भांडण उभं राहतं, आणि नाटक भांडणावर चालतं. आकाशवाणीसाठी श्रुतिका लिहिताना मी हाच नियम पाळत आलो.

आता आठ भाग बाजूला ठेव आणि फक्त पहिला लिही. त्यात एकच तारीख बदल. त्या तारखेआधीचं सगळं खऱ्या इतिहासाबरहुकूम असू दे आणि त्यासाठी वाचनालयात बसायची तयारी ठेव. खरं काय घडलं ते ज्याला तोंडपाठ नाही त्यानं खोटं लिहू नये, लगेच पकडला जातो. भाग संपताना कुणीतरी काहीतरी गमावलेलं असायला हवं, आणि ते कुणाच्या दुष्टपणामुळे नको, तुझ्या नायकाच्या चांगल्या निर्णयामुळे हवं. एवढं जमलं की दुसरा भाग काय असेल हे तुला मला विचारावं लागणार नाही.

मजकूर कागदावर छापून पाठव, पडद्यावर वाचून माझे डोळे दुखतात. तुझ्या आईला सांग, दिवाळीला येतो आहे.

तुझा,
मामा