चढत्या बोलीचा बाजार

पुण्याच्या जुन्या बाजारात खरेदी शिकलेल्या माणसाला ऑनलाइन लिलाव उलटाच वाटतो. बुधवारी-रविवारी तिथे चादर पसरून बसलेला विक्रेता बाराशे म्हणतो, आपण चारशे म्हणतो. तो आकाशाकडे बघतो, आपण दोन पावलं पुढे जातो, तो मागून हाक मारतो आणि साडेसहाशेला व्यवहार मिटतो. भाव पाडणं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. लिलावात भाव फक्त चढतो, आणि तो चढवणारे आपणच असतो. विक्रेत्याला तोंडही उघडावं लागत नाही. भाजीवालीकडून कोथिंबीर फुकट मिळवणारी माणसंसुद्धा पहिल्या लिलावात दुप्पट पैसे मोजून बसतात ती म्हणूनच.

मला वेड जुन्या चावीच्या घड्याळांचं, त्यातही एचएमटीचं. (घरात हे वेड माझ्या एकटीचं, नवऱ्याला भिंतीवरचं एक घड्याळ पुरतं.) सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला एचएमटीची घड्याळं बनू लागली. जनता, पायलट, जवान, सोना, कोहिनूर ही नावं मग घराघरांत गेली. नोकरी लागली की जनता, लग्न ठरलं की जरा भारीतलं. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि कपाटातल्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या या घड्याळांना एकाएकी संग्राहक भेटले. मागणी वाढली, पण अस्सल माल काही वाढेना. मग तो तयार होऊ लागला.

जगभरचे घड्याळवाले अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. हे ऐकून मला आधी थोडा अभिमान वाटला होता, तो अर्थ कळेपर्यंतच टिकला. चार मोडक्या घड्याळांचे भाग काढून एक चालू घड्याळ जुळवायचं, डायल खरवडून नव्याने रंगवायची, केसला पॉलिश मारायचं आणि झगझगीत फोटो काढून लिलावात लावायचं. एचएमटी, फेव्हर-ल्यूबा, सिटिझन, सेको, कोणाचंही होतं. हे कारागीर हाताचे पक्के असतात. जुळवलेलं घड्याळ ‘जुळवलेलं’ म्हणून विकलं, तर त्यात लबाडी काहीच नाही. अडचण न सांगण्यात आहे.

मी पहिली बोली लावली ती संग्राहकांच्या एका गटात, पायलटवर. सुरुवातीची बोली ५०० रुपये, टप्पा ५० चा, रात्री दहाला बंद. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर पुढे पाच मिनिटं वाढ. मी मनाशी १,५०० ठरवले होते. दहा वाजून गेले तेव्हा आम्ही दोघंच उरलो होतो आणि आकडा १,५०० च्या पुढे गेला होता. त्यानंतर मला घड्याळ दिसेनासं झालं, समोरचा माणूसच दिसू लागला. तो पन्नास वाढवी, मी पन्नास वाढवी. पन्नास रुपयांत काय जातंय, असं दर वेळी वाटायचं. २,६५० ला तो गप्प झाला आणि गटातल्या लोकांनी माझं अभिनंदन केलं. जास्त पैसे देण्याबद्दल अभिनंदन होतं ते याच बाजारात.

घड्याळ आलं. वेळ अचूक दाखवत होतं. भिंगाखाली धरलं तर मिनिटांच्या रेघा १२ पाशी आकड्याला बरोबर जुळत होत्या आणि ४ पाशी घसरल्या होत्या. अक्षरांच्या कडा फुटलेल्या. बुधवार पेठेतल्या ओळखीच्या घड्याळजींनी मागचं झाकण उघडलं. मशीन एचएमटीचंच होतं, काटे भलत्याच मॉडेलचे, डायल रंगवलेली. “ताई, वेळ मात्र बरोबर दाखवेल हो,” ते म्हणाले. विक्रेत्याला विचारलं तर त्याने शांतपणे उलट विचारलं, “मी ओरिजिनल कुठे म्हटलं होतं?” खरंच म्हटलं नव्हतं. ‘जुनं, सर्व्हिस केलेलं, चालू स्थितीत, जसं आहे तसं’ एवढंच लिहिलं होतं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

तेव्हापासून वर्णनात काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही, ते मी आधी वाचते. फोटोंचंही तसंच. समोरून काढलेले पाच फोटो आणि झाकण उघडलेला एकही नाही, याचा अर्थ स्पष्ट आहे. घड्याळ असेल तर मशीनचा, बाजूने चावीचा आणि झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो मागायचा. कॅमेरा असेल तर भिंगातून उजेड आरपार दिसणारा फोटो मागायचा, म्हणजे आत बुरशी आहे का ते कळतं. रेडिओ किंवा टेपरेकॉर्डर असेल तर तो वाजताना काढलेला व्हिडिओ मागायचा. आणि मग एकच थेट प्रश्न लेखी विचारायचा: डायल मूळ आहे की रंगवलेली? ‘माझ्या माहितीप्रमाणे’ असं सुरू होणारं उत्तर मी ‘नाही’ असंच धरते. ‘आत्ताच सर्व्हिस केलंय, उघडायला नको’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जायचं. त्याच विक्रेत्याच्या इतर वस्तूही चाळून बघाव्यात. एकाच मॉडेलचं घड्याळ केशरी, हिरव्या, निळ्या अशा सगळ्या रंगांत त्याच्याकडे असेल, तर डायल कुठे तयार झाली हे विचारायचीही गरज नाही.

किमतीचा अंदाज कसा घ्यायचा? नवखा माणूस चालू जाहिराती बघतो, आणि तिथेच फसतो. लोक किती मागतात यावरून काही कळत नाही. वस्तू कितीला गेली हे बघायचं असतं. मोठ्या लिलावस्थळांवर ‘विकले गेलेले’ एवढंच दाखवण्याची सोय असते, गटांमध्ये बंद झालेले लिलाव मागे जाऊन वाचता येतात. आपल्याला हव्या असलेल्या वस्तूचे असे भाव महिनाभर वहीत उतरवावेत, बोली न लावता. मागितलेल्या आणि मिळालेल्या किमतीतलं अंतर बघून अनेक भ्रम उतरतात. वैष्णोदेवीचं नाणं किंवा ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट लाखोंना विकली जाते, असे निरोप आपल्यालाही येत असतील. नोट कोणी घेत नाही, ‘नोंदणी शुल्क’ मात्र घेतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कोणाकडून शुल्क वा कमिशन मागत नाही.

बोली लावायची रीत जागेप्रमाणे बदलते, आणि ती आधी समजून घेतली पाहिजे. ईबेसारख्या ठिकाणी तुम्ही तुमची कमाल रक्कम एकदाच टाकता. यंत्रणा ती गुप्त ठेवते आणि गरजेपुरतीच बोली वाढवते. तुमची कमाल २,००० असेल, दुसऱ्याची १,४०० आणि टप्पा ५० चा, तर वस्तू तुम्हाला १,४५० ला मिळते. म्हणजे खरी कमाल टाकून झोपून जाणं हेच शहाणपणाचं. तरी बहुतेक नवखे टप्प्याटप्प्याने चढत जातात आणि आपण किती हट्टाला पेटलोय हे सगळ्यांना दाखवून देतात. मुरलेले लोक शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकतात. अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिलं की ठरल्या वेळेला बंद होणाऱ्या ईबेवर असं उशिरा बोली लावणं फार चालतं. उशिरा बोली आली की मुदत आपोआप वाढवणाऱ्या अ‍ॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावात ते बरंच कमी होतं. आपल्याकडच्या गटांत मुदत वाढते, म्हणून शेवटच्या सेकंदाची चलाखी इथे कामाची नाही. इथे कागदावर लिहिलेला आकडाच कामाचा. त्या आकड्यात कुरिअर, परदेशातून मागवत असाल तर सीमाशुल्क, आणि घड्याळजींचं बिलही धरायचं. मी आता तो आकडा नवऱ्याला सांगून ठेवते. तो घड्याळांबाबत उदासीन आहे, आकड्यांबाबत नाही.

समोरचा ‘खेळाडू’ खरा आहे की नाही, हाही प्रश्न असतो. विक्रेत्याच्या मित्राने किंवा त्याने स्वतःच दुसऱ्या नावाने भाव चढवणं ही जुनी युक्ती आहे. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या न्यायालयाने २०१० साली स्वतःच्याच मालावर अशी बोली लावणाऱ्याला शिक्षाही केली. ओळखायचं कसं? हरणारा माणूस एकाच विक्रेत्याच्या लिलावात सतत दिसतो आणि इतर कुठे दिसत नाही. किंवा लिलाव हरल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्हाला निरोप येतो की जिंकणाऱ्याने माघार घेतली, तुमच्या शेवटच्या बोलीला घेता का? अशा वेळी आपली शेवटची बोली द्यायची नाही. भांडण सुरू होण्याआधी जो भाव होता, तो सांगायचा.

पैशाची बाजू भारतात आज जास्त नाजूक आहे. २००० साली मुंबईत सुरू झालेली बाझी डॉट कॉम ईबेने २००४ मध्ये घेतली. तिच्या पैसापे या सोयीत खरेदीदाराचे पैसे मधल्या खात्यात थांबत आणि मग विक्रेत्याला मिळत. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ईबे इंडिया बंद झाली. आता गटांतले लिलाव यूपीआयवर चालतात: पैसे थेट विक्रेत्याच्या खात्यात जातात, मध्ये कोणी नाही, आणि गेलेले पैसे आपल्याला परत खेचता येत नाहीत. कायद्याचा आधारही मर्यादित. ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियम स्वतःच्या घरातली वस्तू सहज म्हणून विकणाऱ्या व्यक्तीला लागू होत नाहीत. म्हणून पहिले काही व्यवहार छोट्या रकमेचे आणि आपल्याच शहरातल्या माणसाशी, वस्तू हातात घेऊन करावेत. बाहेरगावचं पार्सल असेल तर ते उघडताना, शिक्का फोडण्यापासून, सलग व्हिडिओ काढावा. गटाचा चालक भांडण सोडवताना तेवढंच बघतो.

विकायला बसलात तर तुम्हाला भेटणारा पहिला ‘ग्राहक’ बहुधा खोटा असेल. भाव न करता तयार होतो, लष्करात असल्याचं सांगतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो आणि पैसे देण्यासाठी क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करायला सांगतो. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. एवढं लक्षात असेल तर ही फसवणूक तिथेच संपते. तरीही पैसे गेले तर लाजत बसू नका, त्याच क्षणी १९३० वर फोन करा.

खरं नुकसान मात्र प्रामाणिक ग्राहकाकडूनही होतं. सासऱ्यांचा एक रशियन झेनिट कॅमेरा घरात पडून होता, शटर अडकलेलं. मी ‘बंद कॅमेरा, शोभेसाठी’ असं लिहून १०० रुपयांपासून लावला आणि ४५० ला गेला तेव्हा खूश झाले. घेणाऱ्या मुलाने नंतर आभार मानताना सांगितलं की त्याला कॅमेरा नकोच होता. पुढे हेलिओस ४४-२ ही लेन्स होती. ती आजच्या मिररलेस कॅमेऱ्याला अडॅप्टरने बसते, तिच्यातून मागची पार्श्वभूमी भोवऱ्यासारखी फिरलेली येते आणि त्यासाठी लोक कित्येक पट पैसे मोजतात. त्याने मला फसवलं नाही. मी कॅमेरा विकत होते, तो लेन्स घेत होता. वस्तूवर कोरलेली सगळी अक्षरं, लेन्सच्या कड्यावरची, यंत्राच्या तळाची, शोधून बघायला दहा मिनिटं लागली असती. ज्या वस्तूबद्दल आपल्याला माहिती नाही ती कमी बोलीपासून लावूच नये. लावायचीच तर किमान राखीव किंमत ठेवावी.

दोष मात्र मोकळेपणाने लिहावेत. ईबे सुरू झाली त्या १९९५ सालात तिथे विकली गेलेली पहिली वस्तू मोडका लेझर पॉइंटर होती, १४.८३ डॉलरला, आणि घेणाऱ्याला तो मोडका आहे हे ठाऊक होतं. मोडक्या वस्तूलाही गिऱ्हाईक असतं, सुट्या भागांसाठी का होईना. मी ती पायलट ‘रंगवलेली डायल, काटे बदललेले’ असं लिहून विकली, १,१०० ला गेली आणि एकही प्रश्न आला नाही. पॅकिंगचा खर्च आधी काढावा. कुरिअरवाले वजनाबरोबर आकारमानही मोजतात. सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी, उंची गुणून ५,००० ने भागतात आणि येणारा आकडा जास्त असेल तर त्याचेच पैसे लावतात. हलका पण मोठा टेबल-लॅम्प पाठवताना विक्रीचा निम्मा नफा असाच जातो.

तुमच्या घरात वडिलांचं, मामांचं एखादं एचएमटी असेल आणि ते विकायचा विचार असेल, तर एक विनंती. विकण्याआधी त्याला पॉलिश करू नका, डायल ‘नवी’ करून घेऊ नका. पिवळी पडलेली मूळ डायल आणि चरे पडलेली केस यांनाच जाणकार जास्त पैसे देतात. एखाद्या घड्याळजीकडून समोर झाकण उघडून घ्या, मशीनचा फोटो काढा आणि आहे तसं घड्याळ लिलावाला लावा.