ट्रॅक्टर-मोटारींची चोरी व विम्याच्या अटी

गाडीचा विमा उतरला म्हणजे चोरीची धास्ती सरली, असें पुष्कळ शेतकरी बंधू समजतात. ही समजूत अपुरी आहे. मालकानें गाडीच्या रक्षणाची वाजवी काळजी घेतली पाहिजे, अशी अट विमापत्रांत असते. किल्ली तशीच ठेवून ट्रॅक्टर बांधावर सोडला, तर भरपाई नाकारली किंवा कमी केली जाण्याचा संभव असतो.

संरक्षक साधनें मुख्यतः दोन. अलार्म म्हणजे धोक्याचा भोंगा. पण वस्तीपासून दूर खळ्यावर तो ऐकणार कोण? इमोबिलायझर हें साधन, ओळखीची किल्ली नसल्यास, इंजिन सुरूच होऊं देत नाहीं. रानांत उभ्या राहणाऱ्या गाडीस हेंच आम्ही अधिक उपयोगी मानतों.

२००२ च्या मोटार विमा दरपत्रकांत, पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशननें मान्य केलेलें साधन प्रमाणपत्रासह बसविल्यास, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यांत शेंकडा २॥, परंतु फार तर ५०० रुपये, सूट ठेविली होती. आतां कंपनीगणिक फरक पडूं शकतो. म्हणून साधन घेण्यापूर्वीं कंपनीस विचारावें, पावती व प्रमाणपत्र जपावें, आणि साधन नेहमीं चालू ठेवावें. सूट घेऊन तें नादुरुस्त ठेवणें म्हणजे तंट्यास आमंत्रण होय.

चोरी झाल्यास त्याच दिवशीं पोलिसांत फिर्याद द्यावी व कंपनीसही लेखी कळवावें. एका ट्रॅक्टर-चोरीच्या दाव्यांत, फिर्याद वेळेवर झाली असल्यानें, कंपनीस कळविण्यांतील विलंब सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं मालकास बाधूं दिला नाहीं. तथापि अशा निकालावर विसंबण्यापेक्षां वेळीं केलेली खबरदारीच बरी.